पासंग

मी मापाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात
चौतीस वर्षं काट्यापाशी उभा.
पहिल्या गोणीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं,
मग दोन, मग तीन.

आता कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर
लसूण सोलत बसतो
आणि हॉलमध्ये माझी अर्पिता नऊ जणांना स्पॅनिश शिकवते.
दोन नर्सा, क्रूझवर जाणारा एक आचारी,
बाकी ऐरोलीच्या कंपन्यांतली पोरं.

आज मास म्हणजे जास्त, मेनोस म्हणजे कमी,
आणि के म्हणजे आपलं पेक्षा.
तान आणि कोमो आले की दोघं सारखे.
माझी सुरी थांबली.
एक पारडं खाली, एक वर,
नाहीतर काटा मधोमध, दोन्हीकडं गप्प.
उभा जन्म डावं-उजवं करण्यात गेला,
कुणी त्याला व्याकरण म्हटलं नाही.

आचारी म्हणाला, मास मेहोर.
ती म्हणाली, चूक. मेहोर म्हणजेच जास्त चांगलं,
त्याच्या पोटात मास आधीच आहे.
बरोबर. झुकत्या मापावर आणखी ओंजळ टाकली
की शेठ मान वर करतो.

मग आलं कादा वेस मास.
दर खेपेला आणखी, ती म्हणाली,
एकदम नाही, वाढत वाढत.

हे काट्यावर दिसत नाही.
काटा त्या घटकेचं सांगतो,
काल किती होतं त्याला ठाऊक नसतं.
मला आहे. सहा महिन्यांची होती ही,
हिच्या आईनं गाळ्यावर आणून पारड्यात ठेवली,
सहा किलो आणि वर पासंग.
पुढच्या दिवाळीला जड, त्याच्या पुढच्या दिवाळीला अजून जड,
मग पाय बाहेर लोंबायला लागले.

हिच्या आईचं उलटं झालं.
कादा वेस मेनोस.
ते मी तोललं नाही.

फळ्यावर तिनं लिहिलं, वाचूनही दाखवलं:
मी पाद्रे एस कादा वेस मास,
आणि पुढं जागा सोडली. विशेषण तुम्ही भरा.
पाद्रे मला कळतो.
एक नर्स काहीतरी बोलली, सगळे हसले.
आचारी काहीतरी बोलला, कुणी हसलं नाही.
शेवटी तिनं स्वतःच भरलं: तेर्को.

रात्री जेवताना विचारलं, तेर्को म्हणजे?
'हट्टी. गुडघ्याचं ऑपरेशन कोण टाळतंय दोन वर्षं?'
आणि आचारी काय म्हणाला?
'त्याचं लिंग चुकलं.
पुरुषाला शेवटी ओ, बाईला आ.'
अगं, पण शब्द कुठला?
ती आमटी ढवळत राहिली.

मग भात वाढला, वर आणखी एक डाव.
बस म्हणालो, हात आडवा धरला,
तरी वाढलाच.

तेर्का, मी म्हटलं.