बारा चोवीस

सुट्टी लागलेली. यावल पंचेचाळीसच्या पार.
नेहेते बाईंनी तरी बोलावलं:
चपला घालून या, आणि सरळ काहीतरी आणा.

ठिबकचा पाइप वाकडा निघाला.
मग हसन तडवीने घरचं मुसळ आणलं,
बाईंनी ओळंबा धरून उभं केलं झेंड्याच्या ओट्यावर.

बाराचा भोंगा झाला.
सावली होतीच. चार बोटं, पश्चिमेला.
शिपाई हसला, "बाई, तुमचा सूर्य चुकला."

बाईंनी सावलीच्या टोकाशी खडूची रेघ ओढली.
"घड्याळ मिर्झापूरचं आहे. ऊन यावलचं.
थांबा."

थांबलो. डोक्यावर ओले पंचे,
ओट्यावर रेघेमागून रेघ, मुसळाकडे सरकणारी.
बारा चोवीसला
मुसळापाशी काही उरलं नाही.
हसन स्वतःच्या पायांभोवती गरकन फिरला,
"कुठी गेली माही?"

मी आता दीपनगरला, बॉयलरच्या पॅनेलपुढे.
काटा हलला की नवी पोरं घाबरून
माझ्याकडे बघतात.
लिही, म्हणते. वेळ टाक. थांब.

बाईंना हे कधी कळवलं नाही.
मे संपत आला की एका दुपारी
कुणाला न सांगता गच्चीवर जाऊन येते,
चपला घालून.