पान बत्तीस

बालांगने ते ओढ्याकाठून आणलं, टोपीत घालून,
पक्ष्याचं पडलेलं पिल्लू आणावं तसं.
मुठीहून थोडं मोठं. गंजक्या खिळ्याच्या रंगाचं.
अंगभर मऊ काटे, मांजराच्या जिभेसारखे.
देठ तुटला होता तिथे चीक,
बोटाला लागला की लागलाच.

लांबघराच्या ओसरीवर सगळे जमले.
लिआन म्हणाला, रामबुतानचा चुलतभाऊ.
त्याची बायको म्हणाली, हट्,
रामबुतानला एवढा चीक कुठला,
ही फणसाच्या घरातली पोर.
मी मिरीहून इथे डोंगरात सून म्हणून आलेली,
माझ्याकडे वनखात्याची चित्रांची पुस्तिका.
पान बत्तीस बरंच जवळ आलं,
पण त्या फळाला काटे नव्हते,
आणि काटे होते ते पान तेहतीस, त्याला लिहिलं होतं: गंधहीन.
याला तर ओल्या गोणपाटाचा वास होता,
आणि त्याच्या खाली, बऱ्याच खाली,
कुणाच्या तरी घरी दूध उतू गेल्याचा.

"माकडाने चावलंय का?" आतून तेपू सुपांग.
नव्हतं चावलं.
"मग थांबा."

सुरी मागितली नाही. दोन अंगठ्यांनी उकललं.
आत पांढरे गरे, खेटून बसलेले,
एकाच होडीतून आल्यासारखे.
एक तिने मनगटाला चोळला. मग ओठाला.
आणि चुलीवरचा भात होईपर्यंत गप्प राहिली.
आम्ही नऊ जण एका म्हातारीच्या ओठाकडे बघत.
भात झाला. ओठ होता तसाच होता.
मग जिभेवर ठेवला.

काय लागतंय?
"काहीच नाही."
काय लागतंय आता?
"आंबट. नाही, थांबा रे.
आता माझ्या थोरल्या बहिणीसारखं."

बहिणीची चव कशी असते,
हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आम्हीही खाल्लं.
मला आधी नारळाचं दूध लागलं, साखर विसरलेलं.
गिळून झालं, हात पुसायला घेतले,
तेव्हा कुठे मागून गोडी आली,
दार लावल्यावर कुणी हाक मारावी तशी.
बालांगने तीन खाल्ले. चौथा खिशात.

नाव सांग ना, मी पेन्सिल घेऊन बसले.
इथे मूल झालं की माणसं नाव बदलतात,
नातवंड झालं की पुन्हा.
सुपांग हे तिचं तिसरं.
पहिलं ज्यांनी हाकेत वापरलं
ते सगळे ओढ्यापलीकडे पुरलेत.

"माझ्या लहानपणी याला नाव होतं," ती म्हणाली.
"मलाही होतं."
आणि बिया मोजायला लागली.
अकरा. एक किडकी.

रात्री रॉकेलने बोटं चोळून चोळून चीक काढला.
पुस्तिकेचा मात्र निघाला नाही.
पान बत्तीस आणि तेहतीस
एकमेकांना चिकटून गेलीत,
ओढली तर दोन्ही फाटतील.