जुन्या बाजारात, वजनावर

रविवारी साडेआठला जुन्या बाजारात
सोपान जगताप ताडपत्रीवर माल मांडत असतो:
मिक्सरची भांडी, पंख्याची पाती, एक कवळी
(कुणाची, ते विचारायचं नाही).
"मिक्सर बघताय का मॅडम?"
"ट्रान्सफॉर्मर."
तो माझ्या साडीकडे बघतो, मग चपलांकडे.
"कशाला?"

कशाला, ते कसं सांगू.
घरी दोन व्हॉल्व्ह आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
एकेक दुधाच्या बाटलीएवढा,
आणि त्यांना दोन हजार व्होल्ट हवेत.
सहकारनगरातल्या गच्चीवरून निघालेला
माझा शंभर वॅटचा आवाज
पर्वतीला वळसा घालतानाच दमतो.
पोर्ट ब्लेअरचे सॅम्युअल कुजूर रोज रात्री म्हणतात,
"आधा सुना. फिर बोलिए."
अर्धं ऐकलं जाण्याची मला सवय आहे,
पण म्हणून काय झालं.

मी मांडी घालून बसते, त्याच्याच ताडपत्रीवर.
पहिला मायक्रोवेव्हचा.
जड, स्वस्त, आणि खोटारडा:
नखाने वार्निश खरवडलं की खाली पांढरं ॲल्युमिनियम.
शिवाय गुंडाळीचं एक टोक स्वतःच्याच लोखंडाला बांधून घेतलेलं.
सोडवायला जावं तर तो मरेल,
नाही सोडवलं तर एखाद्या रात्री मी.
बाजूला.

दुसरा स्टॅबिलायझरचा. लठ्ठ, भोळा.
एकच गुंडाळी, तिला मधून मधून फाटे.
म्हणजे घर आणि रस्ता यांच्यात भिंतच नाही.
बाजूला.

तिसरा मी आधी हुंगते.
"खरबूज आहे का?" सोपान हसतो.
हसू दे. जळलेलं वार्निश वीस वर्षांनीही लपत नाही.
याला वास आहे बंद कपाटाचा, किंचित डांबराचा.
पट्टी काढते. मधला पाय सहा सेंटिमीटर, पत्र्यांची थप्पी पाच.
सहा पाचे तीस, तिसाचा वर्ग नऊशे.
नऊशे वॅट, पुष्कळ झाले.
मीटर लावते: मधल्या टोकापासून एकीकडे बावन्न ओम,
दुसरीकडे छप्पन्न.
वरच्या थराला तार थोडी जास्त लागतेच.
चार ओमचा हा फरक बघून
मला त्या न पाहिलेल्या हातांचा विश्वास वाटतो.

चौथा मी मागितलाच नव्हता.
पंख्याच्या पात्यांखाली पालथा पडलेला,
गंजलेला, लेबल उंदरांनी खाल्लेलं.
पण तारा आवळणाऱ्या दोऱ्याची गाठ:
दोन वेढे, मग उलटा फास, टोक आत.
ही आमची गाठ.
भोसरीत अकरा वर्षं मी वाइंडिंगला होते,
तासाला सहा नग, चहाला दहा मिनिटं,
आणि अशी गाठ मारणाऱ्या आम्ही चाळीस जणी.
मीटर लावते. गप्प.
टोकं घासून पुन्हा लावते. गप्प.
आत कुठेतरी, केसाएवढ्या तारेत, तुटलंय.
उकलायचं म्हटलं तर अडीच हजार वेढे.
माझे डोळे आता सुईला पुरत नाहीत.

चहावाल्याच्या प्लगवर, मध्ये बल्ब जोडून,
मी तिसरा तपासते.
बल्ब एकदा लख्ख पेटतो आणि मंदावत विझतो.
"गेला," सोपान म्हणतो.
"नाही," मी म्हणते, "पेटलेलाच राहिला असता, तर गेला."
त्याला हे पटत नाही,
पण काटा आणतो. साडेतेरा किलो.
भाव तांब्याचा लावतो, लोखंडासकट.
घासाघीस मी करते, पण मन नसतं तिच्यात.
"तो पण न्या. चारशेला देतो."
मी पिशवीकडे बघते, रिक्षाकडे बघते.
"राहू दे."

त्या रात्री सॅम्युअलना काही सांगितलं नाही.
अजून जोडायचं बरंच होतं,
आणि ऐकू त्यांना अर्धंच गेलं असतं.

बुधवारी परत गेले. काम काहीच नव्हतं.
पंख्याची पाती होती. कवळी विकली गेली होती.
"तो? सोमवारीच जाळला, मॅडम," सोपान म्हणाला,
आणि मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाला,
"पावणेदोन किलो तांबं.
चांगलं निघालं."