दीड किलो जास्त

काउंटरवरची मुलगी म्हणाली, अंकल, दीड किलो जास्त आहे.
मग आम्ही तिथंच लादीवर बॅग पसरली.
जीरावनचे दोन्ही पुडे बाहेर, सेवेचा मोठा बाहेर,
स्वेटर अंगावर.
कुकरच्या पोटात मोजे कोंबले,
झाकण बसेना म्हणून शिट्टी काढून ठेवली,
गुडघा टेकून चेन ओढली. काटा तेवीसवर.
केतकीनं आत जाताना वळून पाहिलं असेल.
मध्ये एक सबंध कुटुंब हार घेऊन उभं होतं.

घरी शर्ट काढताना
शिट्टी माझ्या खिशात.

रात्रभर मोबाइलवर तिचं विमान,
पिवळं, मुंगीएवढं,
मी पाहत राहिलो की हलत नसे.
साडेचारला टंकीवर गेलो तेव्हा ती
मला नाव वाचता न येणाऱ्या एका देशावर होती.
बाबूलालनं विचारलं, भिया, बिटिया पोंची क्या?
म्हटलं, अजून समुद्रसुद्धा लागला नाही.
कित्ता बड़ा रेता है समंदर?
मी तरी कुठं पाहिलाय.
म्हटलं, सिरपूरचा तलाव घे,
आणि पलीकडचा काठ काढून टाक.
तो बराच वेळ गप्प बसला.

चावी अडकवली, खांदा लावला. बावीस फेरे.
नळ आधी खोकतात, मग पाणी.
नर्मदेचं हे पाणी खरं तर खाली भडोचकडे निघालेलं,
आम्ही ते अडवून, ढकलून, डोंगर चढवून
अन्नपूर्णा रोडच्या बादल्यांत आणतो.
अठ्ठावीस वर्षं हेच केलं.

केतकी दुसरीत होती.
मी मराठी वाचायला शिकवत होतो, मुंबई हे मोठे बंदर आहे.
शाळा हिंदी, त्यामुळे ती हसून हसून लोळली,
आणि वहीत एक शहर काढलं
शेपटी असलेलं.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास फोन आला.
तिकडे दुपार. हॅलिफॅक्स.
बाबा, बघा, तुमचं बंदर.
धुकं होतं, लाकडी फळ्यांचा रस्ता होता,
क्रेनची मान होती, खाली राखाडी काहीतरी हलत होतं.
तो समुद्र हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.
रात्री कोट घालूनच झोपली म्हणाली.
सकाळी एका पक्ष्यानं हातातला पाव पळवला.
घरमालकीण बाई बऱ्या आहेत, मोठ्यानं बोलतात.
आणि बाबा, नळाला चोवीस तास पाणी.
कोण सोडतं?
कुणी नाही. असतंच.
दाब किती आहे?
बाबा.
नाही, बादली किती वेळात भरते, एवढंच सांग.
इथं बादलीच नाहीये.

तेवढ्यात मोठा आवाज झाला, काहीतरी फुटल्यासारखा.
फोन पडला. मला तिचा बूट दिसला, मग आभाळ,
मग पुष्कळ पांढरे पक्षी एकदम उठलेले.
केतकी! केतकी!
शेजारचे दार उघडून आले.
अहो काही नाही, तोफ आहे,
कोणीतरी सांगतंय तिला, मी ऐकतोय,
रोज दुपारी बाराला उडवतात.
ती हसत होती. हसता हसता
नाक ओढल्याचा आवाज आला,
थंडीनं असेल.

कुकरची शिट्टी सापडत नाही, म्हणाली.
माझ्याकडे आहे.
हं. मी भात पातेल्यात केला.
कसा झाला?
खालून लागला.

पहाटे बाबूलालला सांगितलं, पोचली.
और समंदर?
फोनमध्ये मावला तेवढा पाहिला.
चावी अडकवली, खांदा लावला,
खिशातली शिट्टी लोखंडावर वाजली.
सतरा, अठरा,
तिकडे काल रात्रीचे आठ,
एकोणीस, की झाला एकोणीस?
थांबलो.
वाल्व काही पहिल्यापासून मोजता येत नाही.
खाली गल्लीत कुणाचा तरी नळ
खोकायला लागला होता.