निरंक

सोमवारी अकराच्या आत तक्ता वर गेला पाहिजे.
ताप, खोकला, हगवण, कावीळ,
कुत्रा चावला, साप चावला.
ज्या रकान्यात काही नाही तिथं शून्य लिहायचं नसतं,
असं पहिल्याच दिवशी सांगितलं मला सेनगावच्या मोठ्या बाबूंनी.
लिहायचं : निरंक.
शब्द छान आहे. घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.
नऊ वर्षं मी तोच वाढतोय.

मी कंत्राटी. अकरा महिन्यांचा माणूस.
मधे एक दिवस खंड देतात,
त्या दिवशी मीही निरंक.

चैतात आमच्याकडं हळद शिजते.
कयाधूच्या काठाकाठानं कढयांचा धूर,
हात पिवळे, पदर पिवळे,
लेकरांच्या ओठांच्या कडा,
मोंढ्यातून परत आलेल्या नोटासुद्धा.
अशा दिवसांत कावीळ कुणाला दिसणार?

प्रयागबाईला दिसली.
सावरगव्हाणची आशा. वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल,
कारण पेन दिला की नातू शाळेत नेतो.
तिनं सात जणांना उंबऱ्यावर बसवून
साबणानं हात घासून बघितले त्यांचे.
"हाताची हळद जातीय सर, डोळ्याची जाईना."
एवढंच ऐकू आलं, मग फोन तुटला.
रिचार्ज संपला होता. मानधन माघापासून थकलेलं.
ती चालत निघाली, सहा किलोमीटर.

इकडं अकरा वाजायला आले होते.
मागच्या आठवड्याची ओळ उचलली,
या आठवड्यात ठेवली.
त्याला चार बटणं लागतात फक्त.
ती दीडला पोचली, पदरानं तोंड पुसत.
पुढच्या सोमवारी घेऊ, म्हणालो.

पुढच्या सोमवारी साताचे तेवीस झाले होते
आणि आरेफा नव्हती.
आठवा महिना चालू होता तिला.
तिच्यासाठी वेगळा तक्ता आहे,
तो दुसऱ्या टेबलावर भरतात.

नाल्यातून गेलेला नळाचा पाइप फुटला होता.
शोधायला दोन दिवस लागले.
ते लागणारच होते.
त्याआधीचे सात माझे.

आता निधी आलाय.
हिंगोलीला कार्यशाळा झाली, गार हॉलमध्ये.
पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा,
साहेब म्हणाले, आकडा बोलला पाहिजे.
पोहे बरे होते.
नमुना म्हणून त्यांनी चैतातलाच एक आठवडा उघडला.
सावरगव्हाण हिरवंगार होतं,
नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यासारखं.
मी बाटलीचं झाकण उघडत राहिलो, लावत राहिलो.

टॅब येणार आहेत. मोठा सर्व्हर येणार आहे.
रक्ताची नळी नांदेडच्या एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून
पाठवावी लागणार नाही, इथंच तपासतील.
येऊ द्या. मी टोमणा मारत नाही,
हे सगळं पाहिजेच होतं, कधीचंच.
फक्त जिना उतरताना एका साहेबांना विचारलं,
प्रयागबाईच्या रिचार्जचं लेखाशीर्ष कोणतं?
ते थांबले. भले गृहस्थ होते.
चहाच्या कागदी कपावर लिहून घेतलं त्यांनी
आणि कप हातातच घेऊन गाडीत बसले.

तेव्हापासून ज्या गावचा फोन लागत नाही
त्याच्यापुढं मी निरंक लिहीत नाही.
लिहितो : कळलं नाही.
संगणक हा शब्द घेत नाही.
रकाना लाल होतो,
साडेअकराला वरून विचारणा येते,
काय भानगड आहे तुमच्याकडं?

काही नाही, म्हणतो.
लाल राहू द्या थोडा वेळ.
बाई चालत निघाल्यात.