चार आठवडे पुढे

जेल रोडला माझं फॉर्म भरायचं दुकान.
दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन
आणि सहा वर्षं माझ्या टेबलावर
ब्राउझरची चाचणी आवृत्ती,
जगापेक्षा चार आठवडे पुढची.
बाकीच्यांना जे पुढच्या महिन्यात मिळणार
ते मला आजच, अर्धंकच्चं.
आवडायचं मला.
टॅब गोल झाले ते मी आधी पाहिले,
पुन्हा चौकोनी झाले तेही.
एकदा पंधरा दिवस जोड ‘ट्ट’ फुटून दिसायचा,
पाय मोडलेला. मी कळवलं.
कुणीतरी कुठेतरी बसून तो सांधला.
तुम्हाला ‘घरपट्टी’ नीट वाचता येते
त्यात माझाही एक स्क्रीनशॉट आहे.

अण्णा प्रेसमध्ये होते. नोटांच्या.
नाशिक रोडला प्रेस म्हटलं की
वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही.
तेहेतीस वर्षं गेटवर झडती देऊन घरी आले.
लहानपणी विचारलं होतं, चुकलेल्या नोटेचं काय करता?
म्हणाले, मोजतो. चांगलीइतकीच नीट मोजतो.
मग तिचा भुगा.

जूनमधला मंगळवार, रात्रीचे पावणेदहा,
मोक्षदा पगारचा फॉर्म, शेवटची तारीख.
फोटो चढला, सही चढली, साडेसातशे कापले गेले
आणि पान पांढरं.
मधोमध एक रडक्या चेहऱ्याचं चित्र.
पोरगी काही बोलली नाही.
तिच्या आईनं पर्सची चेन उघडली, परत लावली,
पुन्हा भरावे लागतील का, एवढंच.
शेजारच्या कॉम्प्युटरवर, साध्या ब्राउझरात,
अकरा बावन्नला पावती निघाली.
दुसऱ्यांदाची फी मी भरली.
अण्णा पंख्याखालच्या खुर्चीत सगळा वेळ गप्प.
शटर ओढताना म्हणाले,
‘चाचणीचा कागद गेटबाहेर गेलाच कसा?’

रविवारी उतरायचं ठरवलं.
भाचा म्हणाला, दोन्ही ठेव की, कुठे जागा अडते?
रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीसारखं
दोन्हीकडे बघत पुरात उभं राहायला
मला कुणी दगडाचं घडवलेलं नाही, म्हटलं.

वाटलं होतं, दोन क्लिकचं काम.
स्थिर आवृत्ती म्हणाली,
तुमची माहिती माझ्याहून नवी आहे,
मला ती उघडता येणार नाही.
म्हणजे मागून पुढे जाता येतं,
पुढून मागे यायचं तर
नवं प्रोफाइल, कोरी पाटी.
बुकमार्कांची एक फाइल करून आणली,
दळणाचा डबा आणावा तशी.
पासवर्ड वहीतून.
टॅब मात्र येईनात. एकसष्ट होते.
एकेक पाहून मिटले:
शिर्डीच्या गाड्यांचं जुनं वेळापत्रक,
कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याची स्थिती,
प्रिंटरचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर,
बंगळूरची एक नोकरी, सॉफ्टवेअर तपासायचीच,
अर्जाची मुदत संपून चार वर्षं झालेली,
आणि तिच्या शेजारी, त्याच शहरातल्या
एका खोलीचं भाडं, पूर्वेची खिडकी.
रोज सकाळी ते दोन टॅब आपोआप उघडायचे
आणि मी तिसऱ्यात सातबारा काढायचे.
बंद करू का, असं त्यानं विचारलं नाही.
एक टॅब मिटताना ब्राउझर विचारत नसतो.

आता बरं चाललंय. कंटाळवाणं, बरं.
सकाळी आलं की कालचं बटण कालच्याच जागी.

महिन्याभरानं मोक्षदा आली
प्रवेशाच्या कागदाला लॅमिनेशन करायला.
स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली,
‘ताई, हे वरती नवीन काय आलंय?’
मी ते कधीच पाहिलं होतं.
तेव्हा दाबलं की अख्खी खिडकी मरायची.
‘आजच आलं वाटतं,’ म्हटलं.
‘बघ दाबून.’

अण्णांनी पेपर खाली केला.
तिनं दाबलं.