वजा चिन्ह

दुपारी एक चाळीसला बाणेरच्या फीडरवर
आकड्याआधी एक बारीक आडवी रेघ उमटली.
शिफ्टवरच्या तेजल कोंढरेने आधी पडदा पुसून पाहिला,
मग हाक मारली : मॅडम, हे वजा आहे.

वजा, म्हणजे वीज परत येत होती.
सोसायट्यांच्या गच्च्यांवरून,
जिथे पूर्वी कुरडया वाळायच्या तिथून,
काळ्या काचांमधून.
एकतीस वर्षं मी तिची पाठवणी करत आले.
आता ती भर दुपारी, न कळवता,
माहेरी येऊन उभी,
आणि माझ्याकडे तिला ठेवायला खोली नाही.

सात वाजता तीच घरं ओळख विसरतात.
सूर्य वेताळ टेकडीमागे गेला की
लिफ्ट, एसी, स्कूटर, मिक्सर,
सगळ्यांना एकदमच हवी असते.
संचालकांच्या बैठकीत एक तरुण आलेख दाखवून म्हणाला,
याला बदक म्हणतात.
मला त्यात सिंहगड दिसला.
उतरताना गंमत, चढताना छातीत कळ.

गॅसचं दुखणं वेगळं.
ते रस्त्याखाली आहे, म्हणून गप्प आहे.
इस्माईल तांबोळीने जोडलेल्या प्रत्येक सांध्याचा एक्स-रे
माझ्या कपाटात आहे, घरातल्या माणसाच्या हाडांसारखा.
चाळीस वर्षं बघायला नको, म्हणाला होता तो,
आणि ते खरंच आहे.
नळी टिकेल.
हिशेबनीस विचारतो, चाळीस वर्षं त्यातून काय वाहील?

सहकारनगरहून पळसुले बाईंचं पत्र आलं, शुद्ध मराठीत :
आपल्या सेवेविषयी तक्रार नाही.
आम्ही इंडक्शन घेतले आहे.
तरी मीटर काढून न्यावा
व भिंतीचे भोक बुजवून द्यावे.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

त्या गल्लीत बावीस जोडण्या होत्या, आता नऊ.
नळीची लांबी तेवढीच,
रात्रीची गस्त तेवढीच,
गळती कळावी म्हणून मिसळायचा तो घाण वासही तेवढाच.
बाविसांचं ओझं नऊ जण ओढतात.
नववी आहे शेवंता ढमढेरे, खानावळवाली.
भाकरी जाळावर फुगते, मॅडम, काचेवर नाही, म्हणते.
तिला पॅनेलचं सुचवून पाहिलं.
हसली. गच्ची मालकाची,
जिन्याला कुलूप मालकाचं.

काल मी फायलीवर चाळीसच्या जागी पंधरा लिहिले.
वाघोलीकडची नवी लाइन खोडली.
एवढीच दोन कामं, शाईही फार लागली नाही.
पंधरा लिहिलं की दर वाढतो,
दर वाढला की आठवा जातो,
मग सातवा,
आणि शेवंता उरते.
तिच्यासाठी दर गोठवा, असा अर्ज मी आयोगाला केलाय.
सुनावणी पुढच्या महिन्यात.
तिथे भाकरीचा मुद्दा कुठल्या कलमात बसवायचा,
वकिलांना सुचत नाहीये.

संध्याकाळी इस्माईल आला. निवृत्तीला सहा वर्षं बाकी.
पुढचं काम कुठं, म्हणाला.
मी त्याला पर्वतीच्या उपकेंद्रात नेलं,
बॅटऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या खोलीत,
जिथे दुपार साठवून सातला वाढायची आहे.
सांगाडा तूच जोड, म्हटलं.
त्याने लोखंडावर टिचकी मारली, कान लावला,
मग नाक वर करून हुंगलं, सवयीने.
इथं काही बिघडलं तर वास येतो का?
नाही.
मग कळणार कसं?
पडद्यावर दिसेल, म्हटलं.
तो पडद्याकडे बघत राहिला.
सात वाजून चार मिनिटं.
रेघ केव्हाच पुसली गेली होती,
आकडा चढत होता.

पळसुले बाईंचं भोक बुजवलं.
रंग जुळत नाही,
असं त्यांचं दुसरं पत्र आज आलंय.